सहा की दहा? शुगरवाल्यांच्या कानांबद्दल डॉक्टर मंडळींना खुलं पत्र

प्रति,
बेळगाव, खानापूर, निपाणी, चिक्कोडी, हुक्केरी, अथणी या भागांत शुगरचे पेशंट बघणारे समस्त डॉक्टर यांस,

सप्रेम नमस्कार, विनंती विशेष.

मी खानापूर तालुक्यातल्या मराठी शाळांतून ३४ वर्षं शिकवलं. निवृत्त होऊन पाच वर्षं झाली, आणि शुगर जडून १८. म्हणजे मास्तरकीच्या खालोखाल माझा दुसरा मोठा अनुभव तुमच्या दवाखान्यांतल्या बाकड्यांवर बसण्याचा. त्या अनुभवाच्या जोरावर हे पत्र लिहितोय. तक्रार नाही, पण एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही.

गेल्या वर्षीची गोष्ट. तुमच्यापैकीच एका डॉक्टरांनी माझं रात्रीच्या जेवणाआधीचं इन्सुलिन बदललं. आधी आठ युनिट होतं. संध्याकाळची वेळ, डोक्यावर पंखा फरफरतोय, बाहेर माणसं खोळंबलेली, डॉक्टरांच्या तोंडावर मास्क. रिपोर्टवरची नजर न उचलता ते म्हणाले, ‘मास्तर, आता रात्री सहा घ्या.’ मी ऐकलं, ‘दहा घ्या.’ मनात म्हटलं, वाढवलं वाटतं, श्रावणातल्या पुरणपोळ्या भोवल्या. मान हलवली, कागद खिशात घातला आणि बाहेर पडलो. कागदावर आकडा लिहिला होता, नाही असं नाही. पण १८ वर्षांचा मुरलेला शुगरवाला कागद कशाला उघडतोय?

तिसऱ्या रात्री अडीचच्या सुमारास हिला जाग आली, कारण माझ्या घामानं उशी भिजली होती. हात थरथरत होते आणि मी काहीतरी असंबद्ध बडबडत होतो. ती ओरडत होती, ‘साखर खा, साखर!’ आणि मी म्हणे तिला विचारत होतो, ‘आत्ता कुठली भाकर?’ मशीनवर शुगर ४८ आली. साखरेचं पाणी पाजून, पुन्हा तपासून, पुन्हा पाजून तिनं मला उजाडेपर्यंत आणलं.

सकाळी दोघं दवाखान्यात हजर. मी म्हणालो, ‘तुम्ही दहा सांगितलंत.’ डॉक्टर म्हणाले, ‘सहा सांगितलं.’ कागद उघडला तर सहाच. डॉक्टर चिडले नाहीत, मीच जरा चिडलो होतो. तेवढ्यात बीपी बघणाऱ्या सिस्टर हसून म्हणाल्या, ‘मास्तर, एकदा कान बघून घ्या की.’

१८ वर्षांत माझ्या कानांबद्दल दवाखान्यात कुणी काढलेलं हे पहिलं वाक्य. आणि तेही थट्टेत.

यातली एक गंमत सांगायला हवी. ते डॉक्टर मूळचे कन्नड. माझ्याशी मराठी बोलतात ते केवळ मला बरं वाटावं म्हणून. त्या दिवशी त्यांनी सरळ कन्नडमध्ये ‘आरू’, म्हणजे सहा, म्हटलं असतं तर माझी ती रात्र सुखाची गेली असती. ‘आरू’ आणि ‘हत्तू’ (दहा) यांत ठार बहिरासुद्धा गफलत करायचा नाही. मराठीत मात्र सहा आणि दहा यांच्यात फरक एका अक्षराचा, आणि ते अक्षर नेमकं ‘स’. आमच्या जुन्या पाढ्यांनी हे ओळखलं होतं की काय कोण जाणे, ‘बे सक बारा’ आणि ‘बे दाहे वीस’ असं म्हटलं की घोटाळा नाही.

मग मी कान तपासले. पेटीसारखी बंद खोली, कानांवर हेडफोन, बारीक ‘टीं’ ऐकू आलं की बटण दाबायचं. पंधरा-वीस मिनिटांचं काम, सुई नाही, उपाशी यायला नको. कागद बाहेर आला त्यावरची रेघ शाळेच्या मैदानातल्या घसरगुंडीसारखी. डावीकडे, म्हणजे जाड आवाजांना, कान जवळजवळ ठीक. हजार हर्ट्झच्या पुढे उतार, आणि चार हजारांला पोचेपर्यंत रेघ पार खाली. तपासणाऱ्या मॅडमनी तो कागद बघून वयही विचारलं नाही. आधी विचारलं, ‘शुगर किती वर्षं आहे?’

त्यांनी मला जे समजावलं आणि नंतर मी जे वाचलं ते तुम्हाला सांगणं म्हणजे काशीला गंगेचं पाणी नेण्यातला प्रकार. तरी सांगतो, कारण हे तुम्हाला माहीत असूनही आमच्यापर्यंत येत नाही. आतल्या कानात शंखासारखी गुंडाळलेली नळी असते. तिच्यात ज्या केसाळ पेशी आवाज टिपतात त्या एका कानात साधारण १५ हजार. मेलेली पेशी माणसात पुन्हा उगवत नाही. या सगळ्या कारखान्याला रक्त पुरवते एक बारीकशी धमनी, आणि ती तुंबली तर शेजारून मदत येईल अशी दुसरी वाट नाही. शुगर कुठल्या रक्तवाहिन्या खाते? बारीक. म्हणून तुम्ही डोळ्याचा पडदा बघता, लघवीतलं प्रोटीन बघता. तोच मारा कानातल्या बारीक वाहिन्यांवर होतो, त्यांच्या भिंती जाड होतात, हे मेलेल्या माणसांची कानाची हाडं तपासून पाहिलेलं आहे. जिवंतपणी डोळ्यात टॉर्च मारून पडदा दिसतो, हा शंख दिसत नाही, एवढाच काय तो फरक. वर कानापासून मेंदूकडे जाणारी शीर, म्हणजे मज्जातंतू, आहेच. पायाच्या शिरा बधिर करणारी शुगर तिला का सोडेल?

ही काही कालची बातमी नाही. मधुमेही माणसाचा कान गेल्याची नोंद वैद्यकात पहिल्यांदा झाली ती १८५७ साली. आमच्याकडे त्या साली लोकांना दुसरे उद्योग होते. २००८ साली अमेरिकेत मोठा अभ्यास छापून आला. १९९९ ते २००४ या काळात पाच हजारांहून जास्त माणसांचे कान यंत्रावर तपासले होते. जाड आणि मध्यम आवाज कमी ऐकू येणारे, शुगर नसलेल्यांत शंभरात ९, शुगरवाल्यांत २१. बारीक आवाजांचं पाहिलं तर ३२ आणि ५४. वय, गोंगाटाचं काम वगैरे सगळं हिशेबात धरूनही फरक उरलाच. शुगर नुसती सीमेवर असलेल्यांतसुद्धा, म्हणजे आपल्यासारख्या सीमावासीयांत, प्रमाण तीसेक टक्क्यांनी जास्त निघालं. अमेरिकेची रोगनियंत्रण संस्था सीडीसी सांगते की शुगर निघाली की कान तपासा आणि पुढे दरवर्षी तपासा. आपल्या देशात २०२३ साली भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) पाहणीनं शुगरवाल्यांचा आकडा १० कोटी १० लाख सांगितला. त्यातल्या कितीजणांनी ती बंद पेटी पाहिली असेल?

आता मी माझं मलाच विचारतो की इतकी वर्षं मला कळलं कसं नाही. उत्तर असं की बहिरेपण असं आलंच नाही. लांबून येणारा ट्रकचा हॉर्न ऐकू येत होता, कुकरची शिट्टी येत होती, हिची हाक येत होती. आवाज येत होता, शब्द फाटून येत होता. ‘आ’, ‘ओ’ हे जाड, दमदार स्वर पोचायचे. ‘स’, ‘श’, ‘फ’, ‘थ’ ही बारीक, वाऱ्याची अक्षरं वाटेत गळायची. उरलेल्या फटी मेंदू आपल्या मनानं भरतो, आणि भरल्या आहेत हे मालकाला सांगत नाही. माझ्या मेंदूनं त्या संध्याकाळी ‘हा’च्या आधी ‘द’ लावला, कारण पुरणपोळ्या त्याच्या डोक्यात होत्या.

खुणा मात्र होत्या. आमच्या एकादशीच्या भजनात मी वर्षानुवर्षं टाळ धरतो. मला वाटायला लागलं की नवे टाळ बेकार आलेत, बद्द वाजतात. पखवाज छान घुमायचा. मी दुकानदाराला दोष दिला. पहिलीच्या मुली कविता म्हणायच्या त्या मला तोंडातल्या तोंडात पुटपुटल्यासारख्या वाटायच्या, मी त्यांना मोठ्यानं म्हणायला लावायचो, बिचाऱ्या घसा फोडायच्या. आणि एका पावसाळ्यात तर कमाल झाली. जांबोटीच्या बाजूला आमचं जुनं घर आहे. तिथला पाऊस तुम्हाला माहीत आहे, आणि पाऊस जरा थांबला की रातकिड्यांचा जो कल्ला सुरू होतो तोही. मी ओट्यावर बसून हिला म्हणालो, ‘यंदा किडे ओरडेनात गं. फवारणी वाढली वाटतं.’ ती माझ्याकडे बघतच राहिली. म्हणाली, ‘माझे कान फाटायला आलेत, नि तुम्हाला ऐकू येईना?’

तरी मी कान तपासले नाहीत. डोळ्याला चष्मा लागला तर माणूस शहाणा दिसतो, कानाला मशीन लागलं तर म्हातारा. गावात ‘बहिरं’ ही शिवी आहे. शाळेत मुलं कुणाला बहिऱ्या म्हणायची तेव्हा मी छडी घ्यायचो, आणि स्वतःची पाळी आली तेव्हा लपवत बसलो.

आता आपल्या भागापुरतं एक सांगतो, बाहेरच्यांना हे चटकन उमगायचं नाही. इथं आम्ही दोन-तीन भाषांत जगतो. घरात मराठी, बसमध्ये नि कचेरीत कन्नड, बाजारात दोन्हीची मिसळ. कान कमी व्हायला लागला की पहिला फटका दुसऱ्या भाषेला बसतो. आईच्या भाषेत अर्धा शब्द आला तरी मेंदू उरलेला ओळखतो, शिकलेल्या भाषेत त्याला तेवढं जमत नाही. मी ४० वर्षं कन्नड बोलतोय. शेवटच्या काही वर्षांत मात्र कचेरीच्या खिडकीपलीकडच्या माणसाला दोनदा-तीनदा ‘एनरी?’ (काय हो?) विचारायची वेळ यायला लागली. त्याच्या कपाळावर आठी. त्याला वाटायचं हा मुद्दाम करतोय, कन्नड बोलायचं नाही म्हणून सोंग घेतोय. मलाही वाटायचं हा मुद्दाम पुटपुटतोय, मराठी माणूस दिसला म्हणून. या जिल्ह्यात अशा आठीला कुठला रंग चढतो हे तुम्ही-आम्ही जाणतो. आणि भांडण होतं कशाचं? माझ्या कानातल्या मेलेल्या पेशींचं. एकदा असाच रागावून कागद न देता परत आलो होतो, ते आठवलं की आता लाज वाटते.

डॉक्टर, तुमच्या वेळेची कल्पना मला आहे. एका संध्याकाळी किती पेशंट तुमच्यासमोरून जातात ते मी बाकड्यावरून मोजलेलं आहे, मास्तरला हजेरी मोजायची खोडच असते. म्हणून मोठं काही मागत नाही. बीपीची पट्टी दंडावर फुगत असते तेवढ्या वेळात एवढंच विचारा की टीव्हीचा आवाज किती ठेवता, फोनवर कुठला कान लावता, घरचे ओरडून बोलतात का. पेशंटला विचारून भागणार नाही, सोबत आलेल्या माणसाला विचारा. जे ऐकू आलंच नाही ते आपल्याला ऐकू आलं नाही, हे माणसाला कसं कळणार? आशाताई घरोघर तिशीवरच्यांचा अर्ज भरतात त्यात ऐकायला त्रास होतो का असा प्रश्न आहेच. आमच्या गल्लीत सगळ्यांनी ‘नाही’ सांगितलं. मीही सांगितलं.

संशय आला तर माझ्या पाठीमागे हातभर अंतरावर उभे राहा, एक कान मला बोटानं दाबून धरायला सांगा आणि कुजबुजत्या आवाजात आकडे म्हणा. तुमच्या पुस्तकातलीच ही तपासणी आहे, यंत्र लागत नाही. मराठी माणसाला मराठीत म्हणा, कन्नड माणसाला कन्नडमध्ये ‘किवी केळस्तावेनरी?’ (कान ऐकू येतात का हो?) विचारा. सहा, दहा, सात, साठ, आठ एवढं पुरे. चुकला की चिठ्ठी लिहून कानाच्या तपासणीला पाठवा. शुगर निघाल्याबरोबर एकदा आणि मग वर्षाला एकदा, डोळ्याला पाठवता तसं.

आणि इन्सुलिनचा आकडा बदलला की मास्क खाली घेऊन, तोंडाकडे बघून सांगा, कागदावर ठसठशीत लिहा आणि पेशंटकडून वदवून घ्या. ‘मास्तर, किती घ्यायचं सांगा बघू?’ शाळेत आम्ही हेच करायचो. मूल मान हलवतं म्हणजे त्याला समजलं असं मानणारा मास्तर पहिल्या चाचणीतच उघडा पडतो. मी तुमच्यासमोर १८ वर्षं मान हलवत आलोय. पथ्य सांगितलंत, मान. गोळी जेवणाआधी की नंतर, मान. पायाच्या जखमेचं काहीतरी सांगितलंत, त्यालाही मान. तीन महिन्यांची सरासरी सुधारत नाही म्हणून तुम्ही मला रागावत होतात, तेही मला निम्मंच ऐकू आलं असणार.

बेळगावातल्या वडगाव-खासबागचे माग आणि उद्यमबागच्या फाउंड्र्या यांत जन्म काढलेल्यांबद्दल वेगळं बोलायला हवं. त्यांचा कान गेला की सगळेच म्हणतात, खटखटीनं गेला. गेलाही असेल. पण मागवाल्यालाही शुगर होतेच की. एका कारणानं दुसरं झाकलं जातं आणि तपासणीच होत नाही. म्हाताऱ्यांचं तर ‘वय झालं’ एवढ्या दोन शब्दांत संपतं. वय मलाही झालंय, नाकारत नाही. डॉक्टरांनी मला सरळ सांगितलं की यातलं किती वयाचं आणि किती शुगरचं हे कुणी वेगळं काढून देऊ शकत नाही, आणि गेलेलं शुगर आटोक्यात आणून परत येत नाही. उरलेलं राखायचं.

कानाचंच एक दुसरं संकट आहे. त्याबद्दल मात्र आमच्याच लोकांचे कान उपटले पाहिजेत. कान दुखला की लसूण घालून कोमट केलेलं तेल, खाज आली की काडी नाहीतर हेअरपिन. तेही नसलं तर बाजाराच्या दिवशी कान कोरून देणारा बसलेला असतोच. शुगरच्या म्हाताऱ्या माणसात एवढ्याशा ओरखड्यातून जंतू शिरले की ते कवटीच्या हाडापर्यंत जाऊ शकतात. रात्री झोपू न देणारी कळ, कानातून घाण, पुढे तोंड वाकडं होणं. अशा माणसाचा कान दवाखान्यात साध्या पाण्यानं धुतानाही जपायला हवं, हे मला कानाच्याच डॉक्टरांनी सांगितलं. आणि एक कान एका रात्रीत बंद झाला तर तो मळ समजून आठवडाभर तेल घालत बसायचं नाही, त्याच दिवशी कानाच्या डॉक्टरांकडे जायचं. उपचाराला दिवस मोजून असतात. तुमच्या भिंतीवर पायाच्या काळजीचा तक्ता असतो, त्याच्या शेजारी एवढ्या ओळी मराठीत आणि कन्नडमध्ये लावल्यात तर फार उपकार होतील.

सोयीचं म्हणाल तर बेळगाव शहरात सरकारी मेडिकल कॉलेज आहे, केएलईचं हॉस्पिटल आहे. पण कणकुंबीच्या म्हाताऱ्यानं कानासाठी बेळगाव गाठायचं म्हणजे दिवस गेला. अथणीकडच्यांना मिरज जवळ पडतं, निपाणीकर कोल्हापूरला जातात, उलट चंदगडची माणसं इकडे येतात. आमचे रिपोर्ट दोन राज्यांत विखुरलेले, एक डॉक्टर दुसऱ्याचा कागद बघत नाही. कागदोपत्री सगळं आहे. बहिरेपणाचा राष्ट्रीय कार्यक्रम २००६-०७ पासून आहे, शुगर-बीपी-कॅन्सरचा २०१० पासून. १४ नोव्हेंबरला मधुमेह दिनाचं शिबिर होतं, ३ मार्चला श्रवण दिनाचं. दोन्ही मांडव मी पाहिले. नोव्हेंबरच्या मांडवात कान नव्हता आणि मार्चच्या मांडवात शुगरची पट्टी नव्हती. तुमच्या संघटनेच्या बैठका होतात. त्यात कुणीतरी हा विषय काढावा, आणि निदान नोव्हेंबरच्या शिबिरात कानाच्या मॅडमना एक टेबल द्यावं. कमी उत्पन्नाच्या ज्येष्ठांना केंद्राच्या वयोश्री योजनेतून २०१७ पासून कानाचं मशीन मिळतं, हेही त्या टेबलावर सांगता येईल. आमच्या भजनी मंडळातल्या दोघांना ते ठाऊकच नव्हतं.

मी मशीन लावलं त्याला आता सात महिने झाले. पहिले पंधरा दिवस वैताग. कागदाची सळसळ, नळाचं पाणी, हिच्या बांगड्या, सगळं अंगावर यायचं. काढून कपाटात ठेवायचा विचार चारदा केला. टाळ मात्र पुन्हा टाळासारखे वाजायला लागले आणि दुकानदाराची मी मनातल्या मनात माफी मागितली.

एक गोष्ट तर मला माहीतच नव्हती. इन्सुलिनचं पेन मी तीन वर्षं वापरतोय. मशीन लावून पहिल्यांदा रात्रीचा डोस घ्यायला बसलो आणि पेनाचं बूड फिरवलं तर टिक् आवाज आला. दचकून हिला विचारलं, ‘हे वाजतं?’ ती म्हणाली, ‘पहिल्यापासून वाजतंय की.’ एका युनिटला एक टिक्. खिडकीतला आकडा मी बघतोच, पण आता मोजतोही. काल रात्री सहा वाजल्या.

आपला,
खानापूर तालुक्यातला एक निवृत्त शिक्षक